आमच्या घरची सुमो

आमच्या घरी जी चारचाकी आहे ती आता कोणत्याही शोरूममध्ये मिळत नाही. टाटा सुमो तिचे नाव. १९९४ साली ती बाजारात आली आणि २०१९ साली कारखान्याने ती बनवणे बंद केले. आमची गाडी त्यातल्या ‘स्पॅशिओ’ प्रकारातली, २००८ चे मॉडेल, पासिंग अकोल्याचे, म्हणजे एमएच-३०. आम्ही तिघा भावांनी मिळून ती २०१६ मध्ये जुनीच घेतली. दोन बिऱ्हाडे अमरावतीला आणि एक अकोल्याला, अशी आमची तीन घरे. गाडी एकच. लग्नाकार्याला आलेली पाहुणे मंडळी तिच्याकडे पाहून हमखास विचारतात, “हे डबडं अजून कायले ठेवून राह्यले बाप्पा? कंपनीच बंद झाली तिची!” कंपनी बंद झालेली नाही, गाडी बंद झाली आहे, एवढा खुलासा आम्ही दर वेळी करतो. पण खरे उत्तर त्याहून लांबलचक आहे, ते आज वाचकांपुढे ठेवतो.

आमच्या लहानपणी एसयूव्ही हा शब्द कोणाला माहीत नव्हता. चार चाकांची, उंच, मागे दार असलेली कोणतीही गाडी म्हणजे जीप. वऱ्हाडात तिचे खरे रूप म्हणजे काळी-पिवळी. मूर्तिजापूर, दर्यापूर, परतवाडा, कोणत्याही स्टँडच्या बाहेर महिंद्राच्या कमांडर, मार्शल, नाहीतर ट्रॅक्स उभ्या असायच्या. आत दहाची जागा, बसायची पंधरा-अठरा माणसे, दोन मागच्या पायरीवर लोंबकळत. त्यात सुमो आली तेव्हा ती साहेबांची गाडी वाटली. निवडणुकीत पुढाऱ्यांच्या ताफ्यात सुमो, तहसीलमध्ये सुमो, ठेकेदाराकडे सुमो. पुढे तीच गाडी काळ्या-पिवळ्या रंगात स्टँडवर आली आणि आमच्यासारख्यांचे बूड तिला लागले. आमचे थोरले भाऊ एसटीत ड्रायव्हर होते. ते म्हणायचे, “एसटीनंतर भरवशाचं जनावर असंल तं हेच.”

तिच्या नावाची गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. जपानी पहिलवानांवरून नाव पडले असेल असेच आम्हालाही वाटायचे. पण ते तसे नाही. सुमंत मुळगावकर हे टेल्को कंपनीचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे, अनेक वर्षे प्रमुख होते. पुण्याचा कारखाना त्यांच्या काळात उभा राहिला. ते १९८९ मध्ये वारले. पाच वर्षांनी ही गाडी निघाली तेव्हा त्यांच्या नावातला ‘सु’ आणि आडनावातला ‘मो’ घेऊन तिचे नाव ठेवले. मराठी माणसाच्या नावाची गाडी असे कोणी अभिमानाने म्हणाले तर आम्ही मान डोलावतो. पण ज्यांनी त्या कारखान्यात पत्रे ठोकले, वेल्डिंग केले, त्या कामगारांत आपलीही पोरे होती, हेही सांगायला विसरत नाही.

आता गाडी घेतली कशी ते सांगतो. आमचे बाबा अमरावतीच्या कापूस बाजारात हमाली करायचे. ते गेल्यावर आईचे गुडघे दुखणे वाढले. बसची पायरी तिला चढवेना. मधले भाऊ अकोल्याला दालमिलमध्ये, धाकटे अमरावतीत वायरमन. आईला दोन महिने इकडे, दोन महिने तिकडे राहायचे असायचे, आणि प्रत्येक खेपेला बडनेरा स्टेशनपर्यंतचा ऑटो, तिथली गर्दी, अकोल्याला पुन्हा ऑटो. थोरले निवृत्त झाले आणि त्यांच्या हाती थोडे पैसे आले तेव्हा गाडीचा विषय निघाला.

आमच्या घरी मोठा विषय असला की मंडळाच्या सभेसारखीच सभा भरते. त्रिशरण-पंचशील झाले आणि मग बोलणी सुरू झाली. थोरल्या वहिनी आशा सेविका आहेत. त्यांनी पहिल्याच वाक्यात अट घातली: पोरीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे आधी वेगळे काढा, उरले त्यात गाडी बघा. बाबासाहेबांनी आधी काय करायला सांगितले हे त्या बाईला कोणी शिकवायची गरज नव्हती. फी बाजूला निघाली. मग थोरल्यांचे ६० हजार, मधल्यांचे ४० हजार, धाकट्यांचे २५ हजार आणि वहिनींनी बचत गटातून घेतलेले १५ हजार, असे १ लाख ४० हजार जमले. एवढ्यात नवी गाडी येत नाही.

त्या पैशात छोटी जुनी मोटार आली असती. धाकट्यांचे मत तेच होते. पण छोट्या मोटारीत पाच माणसे बसतात आणि आमच्या तीन घरांत लहानमोठी अकरा. टोयोटाची क्वालिस बघितली. ती २००० साली आपल्या देशात आली आणि चांगली खपत असताना २००५ मध्ये कंपनीने बंद करून तिच्या जागी इनोव्हा आणली. शेवरोलेची टवेरा बघितली. गाड्या उत्तम, पण दोन्हींचे सुटे भाग महाग. (टवेराच्या कंपनीने पुढे २०१७ अखेर आपल्या देशातली विक्रीच थांबवली, तेव्हा आम्ही थोरल्यांच्या पाया पडायचे तेवढे बाकी ठेवले.) थोरले सुमोवर अडून बसले होते, तेही स्पॅशिओवर.

त्याचे कारण इंजिन. पहिल्या सुमोत दोन लिटरचे डिझेल इंजिन होते. स्पॅशिओत मात्र टाटाच्या ४०७ या छोट्या ट्रकचे इंजिन बसवलेले, २,९५६ सीसीचे, साधे, टर्बो नसलेले. ४०७ हा १९८६ पासून रस्त्यावर असलेला ट्रक. भाजीपाला, विटा, गणपती, वरात, सगळे तोच वाहतो. त्यामुळे असा एकही तालुका नाही जिथे त्या इंजिनाचा मिस्त्री नाही. संगणक लावून तपासायचे असे त्यात काही नाही. आवाज ऐकून मिस्त्री सांगतो काय झाले ते. मागचे पाटे ट्रकसारखे, सांगाडा ट्रकसारखा. आवाजही ट्रकसारखाच, हे कबूल करायला हवे. आत बसून गप्पा मारायच्या तर ओरडून माराव्या लागतात.

गाडी अकोल्यात एका ठेकेदाराकडची होती. दलालाने आधी जो मीटर दाखवला त्यावर थोरल्यांनी विश्वास ठेवला नाही. त्यांनी क्लचच्या पायडलवरचे रबर, स्टिअरिंगचा झिजलेला भाग आणि ड्रायव्हरच्या सीटचा खड्डा पाहून गाडी किती चालली ते सांगितले आणि भाव १८ हजारांनी उतरवला. जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, मीटरपेक्षा पायडल खरे बोलते. सकाळी गाडी थंड असताना सुरू करून बघावी, इंजिनचे तेल टाकायचे झाकण उघडून धूर येतो का बघावे, आणि चाकाच्या वरच्या बाजूला, दाराच्या खालच्या कडेला बोट फिरवून पत्रा सडला का बघावे. इंजिन दुरुस्त होते, सडलेला पत्रा पुन्हा पुन्हा सडतो. कागदपत्रांत फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्या. आधीच्या मालकाचे बँकेचे कर्ज फिटले होते, पण पुस्तकावरचा बोजा उतरला नव्हता. फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हातात पडल्याशिवाय आम्ही पूर्ण पैसे दिले नाहीत. दलाल रागावला. रागावू दिला.

गाडी दारात उभी राहिली त्या दिवशी आईने तिला हळदकुंकू लावले नाही, नारळ फोडला नाही. आम्ही बुद्धवंदना घेतली आणि आईने पाठीवर हात फिरवावा तसा बोनेटवर हात फिरवला. मग ती एक गोष्ट बोलली, जी आम्ही तोवर कधी ऐकली नव्हती. तिचे लग्न झाले तेव्हा दर्यापूर तालुक्यातल्या त्या गावात आपल्या लोकांची वरात गाडीत बसून वेशीतून जाऊ देत नसत. बैलगाडी भाड्याने मिळाली नाही. ती नवी नवरी, लुगडे सांभाळत, गावाबाहेरच्या पांदणीने चालत आली. “पाय भरले व्हते चिखलानं,” एवढेच म्हणाली. गावाचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. तिथे आज आमचे चांगले संबंध आहेत.

हे ऐकल्यावर आम्हाला बाबासाहेबांच्या दोन गोष्टी आठवणे साहजिक होते. दोन्ही त्यांनी स्वतः लिहून ठेवल्या आहेत. पहिली १९०१ सालची. लहानगा भीम, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले मसूर स्टेशनवर उतरली, वडिलांकडे जायला. वडिलांना पत्र मिळाले नव्हते, न्यायला कोणी आले नाही. ही महारांची पोरे आहेत म्हटल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि गाडी पोरांनीच हाकायची असे ठरले. भाडे दुप्पट, आणि गाडीवान बाजूने पायी. रात्रभर पाण्याचा थेंब मिळाला नाही.

दुसरी १९२९ ची, चाळीसगावची. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला नेमलेल्या समितीचे सभासद होते. स्टेशनवरून वस्तीत जायला टांगा हवा. टांगेवाला म्हणाला, टांगा घ्या, पण मी हाकणार नाही. वस्तीतल्या एकाने हाकायला घेतला. त्या बिचाऱ्याला सवय कुठे होती? पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले, घोडा आणि टांगा नदीत गेले. परदेशातल्या मोठमोठ्या पदव्या घेतलेल्या माणसाचा पाय मोडला, कारण एका टांगेवाल्याला त्याच्यासाठी लगाम धरणे कमीपणाचे वाटले.

थोरल्यांनी तीस वर्षे एसटी हाकली. त्यांच्या मागे बसलेल्या पन्नास माणसांनी कधी त्यांची जात विचारली नाही, असे ते सांगतात, आणि मग थांबून म्हणतात, “इचारली असंल, पण उतरून कोनी गेलं नाही.” आमच्या लेखी सुमोपेक्षाही हे मोठे आहे.

गाडी घरात आल्यावर वस्तीचा तिच्यावर हक्क लागतोच. म्हणून आम्ही पहिल्या महिन्यातच डिकीतल्या वहीत ठराव लिहून ठेवले. गाडी भाड्याने द्यायची नाही, कारण पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवणे कायद्यात बसत नाही. दवाखान्याला कोणत्याही घराने रात्री-बेरात्री हाक मारावी, पैसा विचारायचा नाही. दारू प्यालेला माणूस, मग तो सख्खा मेहुणा असो, चाकावर बसणार नाही. मागच्या बाजूला समोरासमोर तोंड करून बसायचे जे बाक आहेत त्यावर लहान मुले बसवायची नाहीत. वेग ताशी ७० च्या वर न्यायचा नाही. काचेवर ‘जयभीम’ लिहावे का यावर मात्र दोन सभा झाल्या. लिहिले. कारण तरुण पोरांचे म्हणणे पडले की लपवायचे काय आहे, आणि थोरल्यांचे म्हणणे पडले की लिहिले म्हणजे गाडी नीट चालवावी लागेल, नावाला बट्टा लागता कामा नये. दोघांचेही पटले.

तिचे वर्षभराचे जाणे-येणे आमच्या सणांप्रमाणे ठरते. १४ एप्रिलला इर्विन चौकात पुतळ्यापाशी गर्दी असते, तिथे गाडी नेत नाही, पायी जातो. अशोक विजयादशमीला नागपूर, दीक्षाभूमी. तिवसा, तळेगाव, कोंढाळी असा रस्ता. पहाटे निघायचे, वहिनींनी केलेल्या भाकरी, ठेचा आणि पिठले फडक्यात. दुसऱ्या दिवशी अकोल्याला, क्रिकेट क्लबच्या मैदानावर धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा मेळावा भरतो, तिथे. दोन दिवसांत चारशे किलोमीटरच्या वर होतात. परतताना डिकीत पुस्तके असतात. एका वर्षी पुस्तके इतकी झाली की धाकट्यांना मांडीवर गठ्ठा घेऊन बसावे लागले. लिटरला बारा-तेरा किलोमीटर देते. डिझेलचा खर्च जे जातील त्या घरांत वाटला जातो.

अमरावती-अकोला रस्ता मात्र वर्षानुवर्षे असा होता की लोणी, माना, मूर्तिजापूर ओलांडेपर्यंत हाडे मोजून घ्यावीत. त्या खड्ड्यांत आम्ही लहान गाड्या आडव्या पडलेल्या पाहिल्या. सुमो हलली, कण्हली, पण थांबली नाही. दोनदा पाटा तुटला, दोन्ही वेळा बोरगाव मंजूपर्यंत तशीच आली. जून २०२२ मध्ये त्याच रस्त्यावर लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात नाव गेले. ऐन उन्हाळ्यात, रात्रंदिवस. रस्ता गुळगुळीत झाला तेव्हा आईने विचारले, “गाडी बदलली काय रे?”

फेब्रुवारी २०२१ चे दिवस आम्ही विसरणार नाही. देशभर दुसरी लाट यायची होती, पण अमरावतीत आधीच आकडे वाढले आणि पुन्हा लॉकडाऊन लागला. वस्तीत खोकला शिरला. एका रात्री शेजारच्या घरातली माणसे धावत आली, म्हाताऱ्याचा श्वास चालत नाही म्हणून. खासगी अँब्युलन्सवाल्याने शहरातल्या शहरात न्यायचे जे पैसे सांगितले ते ऐकून त्यांची मती गुंग झाली होती. मधली सीट पाडून त्यावर गादी टाकली, काचा चारही खाली, थोरले चाकावर, तोंडाला दोन मास्क. इर्विन दवाखान्यात नेले. त्या दोन महिन्यांत अशा सात खेपा झाल्या. प्रत्येक खेपेनंतर वहिनी, ज्या स्वतः दिवसभर घरोघर ऑक्सिजन मोजत फिरत, फवारणीचे औषध घेऊन गाडी आतून पुसायच्या. सातपैकी पाच जण घरी परतले. जे दोन नाही आले त्यातला एक आमचा चुलत मामा. तो जाताना सीटवर त्याची चष्म्याची डबी राहिली. ती अजून कप्प्यात आहे, कोणी काढत नाही.

तर अशी ही गाडी २०१९ मध्ये बनायची बंद झाली. मधल्यांनी बातमी वाचून दाखवली तेव्हा घरात सुतक असल्यासारखे झाले. बंद का झाली याचे कारण सरळ आहे. २०१९ पासून नव्या गाडीत एबीएस ब्रेक, ड्रायव्हरसमोर एअरबॅग, वेगाचा इशारा, सीटबेल्टचा इशारा हे सक्तीचे झाले. १ एप्रिल २०२० पासून धुराचा बीएस-६ नियम लागला. पंचवीस वर्षांपूर्वीच्या आराखड्याला हे सगळे बसवायचे तर फार पैसा ओतावा लागला असता, आणि गिऱ्हाईकही तोवर नव्या गाड्यांकडे वळले होते. नियम वाईट आहेत असे आम्ही कधीच म्हणणार नाही. माणसाचा जीव वाचावा म्हणून ते आहेत. आमच्या सुमोत एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि धूर आजच्या गाडीपेक्षा जास्त आहे. हे धाकटे प्रत्येक सभेत सांगतात आणि त्यांना आमच्याकडे उत्तर नाही.

बंद झालेल्या गाडीचे भाग मिळतात का, हा सर्वांचा प्रश्न. इंजिन, क्लचप्लेट, पंप, नोझल, सेल्फ, हे सगळे मिळते, ४०७ च्या कृपेने. अडते ते क्षुल्लक गोष्टींत. दाराचे हँडल, काच वरखाली करायची मशीन, मागच्या लाईटची काच, दाराचे रबर. एका हँडलसाठी मधले भाऊ अकोल्याच्या भंगार बाजारात तीन रविवार फिरले. चौथ्या रविवारी मिळाले, पांढऱ्या गाडीचे. आमची गाडी करडी आहे. तेच बसवले. आता भंगारात सुमो दिसली की आम्ही थांबतोच, हँडल आणि मशीन घेऊन ठेवतो. घरात एक पेटी भरली आहे, आई त्याला ‘सुमोचा आंदण’ म्हणते.

२०२३ मध्ये गाडीला पंधरा वर्षे झाली. डिझेल गाडी दहा वर्षांत भंगारात जाते असे कोणीतरी आईला सांगितले होते. तो निर्बंध दिल्ली आणि आजूबाजूच्या भागासाठीचा आहे, आपल्याकडे नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनी नोंदणी पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते. फॉर्म २५ भरायचा, गाडी तपासायला न्यायची, पर्यावरण कर भरायचा. नूतनीकरणाची फी पूर्वी ६०० रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. त्याआधी ब्रेक, दोन टायर, पत्र्याचे काम आणि रंग यात ५७ हजार जाणार होते. म्हणजे एकूण ६२ हजार आणि वर कर. भंगारवाला गाडीचे ५५ हजार द्यायला तयार होता.

ही सभा आमच्या घरातली सर्वांत अवघड. धाकट्यांचा हिशेब पक्का होता: ५५ हजार घ्या, ६२ हजार वाचवा, ते पहिला भरणा म्हणून टाका, नवी छोटी मोटार हप्त्यावर घ्या. मधल्यांनी विचारले, दर महिन्याचा हप्ता कोणाच्या पगारातून? दालमिलचा पगार दर महिन्याला मिळतोच असे नाही. वहिनींनी विचारले, रात्री रोगी आडवा कसा न्यायचा? धाकटे म्हणाले, “आन् आपलेच लेकरं उद्या ठोकरीत सापडले तं?” त्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी हात वर करून मत घेतले. पाच विरुद्ध तीन. गाडी राहिली. धाकट्यांनी ठरावावर सही केली, पण खाली लिहिले: ‘वेग ६० करावा.’ तो ठराव एकमताने मंजूर झाला.

आता नोंदणी २०२८ पर्यंत आहे. विम्यात फक्त तिसऱ्या पक्षाचा विमा काढतो, १५०० सीसीवरच्या गाडीला २०२२ च्या दराने वर्षाला ७,८९७ रुपये आणि वर कर. नवी सुरक्षा नंबरपाटी बसवून घेतली. २०२८ मध्ये गाडी वीस वर्षांची होईल. वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० करण्यात आली, ती तेव्हा लागेल की नाही यावर घरात आतापासून वाद आहे. धाकट्यांनी पोस्टात वेगळे खाते उघडले आहे, त्यात तिन्ही घरांनी महिन्याला पाचशे-पाचशे टाकायचे. पुढची गाडी कोणती ते तेव्हा बघू, पण तिला एअरबॅग असेल, हे लिहून झाले आहे.

तोवर ज्या पोरीच्या फीसाठी वहिनींनी अट घातली होती ती नर्स होऊन अकोल्यात नोकरीला लागली. तिने लर्निंग लायसन्स काढले आहे. दर रविवारी थोरले तिला घेऊन शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर जातात. पॉवर स्टिअरिंग नाही, क्लच जड, तिचा पाय दुखतो. मागच्या रविवारी तिने गाडी तीनदा बंद पाडली आणि चौथ्यांदा बोरगाव मंजूपर्यंत नेली. आई मागे बसली होती.